मान काळजाला, बोल चरबीला

मी चरबी. नाव ऐकून तोंड वाकडं केलंत ना? करा, मला सवय आहे. थोरलीच्या पोटावर, मांड्यांवर, दंडांखाली आणि आत मूत्रपिंडांभोवती माझा मुक्काम असतो. आधीच सांगते, मनाने मी काही मोठी नाही. मी जळते. जळण्यासाठीच माझा जन्म आहे म्हणा, पण मी बोलतेय ते दुसऱ्या जळण्याबद्दल.

थोरली एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. यंत्रातून गरम चादरी काढायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या आणि फडताळात रचायच्या. घरातल्या दोन जावांमध्ये ती मोठी, म्हणून थोरली. धाकटी चष्म्याच्या दुकानात आहे. तिथे चहूकडे आरसे, आणि धाकटी अशी सडपातळ की आरशांनाही तिचा कंटाळा येत नसावा.

थोरली आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांत होती तेव्हा मी तिच्या अंगावर आले. बाळ जन्मलं आणि बघणारे म्हणाले, "काय गुटगुटीत आहे!" माझ्या वाट्याला आलेला हा एकच गोड शब्द. पुढे तीच पोर मोठी झाली, मग त्याच गोष्टीला लोक 'सुटलीय' म्हणू लागले.

माझी बांधणी साधी आहे. ग्लिसरॉल नावाचा एक आखूड दांडा आणि त्याला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या. त्यांना मेदाम्लं म्हणतात. शेपट्या सरळ असल्या की एकमेकींना खेटून बसतात आणि मी लोण्यासारखी घट्ट होते. शेपट्यांना मध्येच बाक असला की दाटी जमत नाही, मग मी तेलासारखी पातळ. पाण्याशी माझं जन्मात पटलेलं नाही.

माझी एक सख्खी बहीण आहे, फॉस्फोलिपिड. दांडा तोच, शेपट्या मात्र दोनच. तिसरीच्या जागी फॉस्फेटचं डोकं, आणि त्या डोक्याला पाण्याची भारी ओढ. म्हणून ती डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत अशा दोन रांगा करून उभी राहते. झालं पेशीचं कुंपण. अंगातल्या एकूण एक पेशीला तिचंच कुंपण आहे, मेंदूत तर तिचं राज्यच. एका शेपटीचा फरक, आणि ती घराची मालकीण, मी माळ्यावरची अडगळ. कोलेस्टेरॉल ही आमची लांबची आतेबहीण. तिच्याबद्दल कोणी धड बोलत नाही, पण तिच्यापासून संप्रेरकं बनतात आणि डॉक्टर तिला घाबरून असतात. मला कोणी घाबरतसुद्धा नाही.

पण खरी आग आहे ती काळजाची. काळीज वाघाचं असतं, सशाचं असतं, मायेचं असतं. ते तुटतं, पिळवटतं, सुपाएवढं होतं. मुळात काळीज म्हणजे हृदय की यकृत, याचा माणसांनी अजून नीट निकाल लावलेला नाही, तरी मान त्यालाच. स्नायूंचंही तेच. मनगटात जोर, दंडात ताकद. आणि मी? "चरबी चढलीय का तुला?" जुन्या भाषेत तेलालाच स्नेह म्हणत. तो शब्द माणसांनी आपापसांत वाटून घेतला आणि मला ही शिवी ठेवली.

त्यातून हे काळीज दिवसरात्र धडधडतं ते बरंचसं माझ्याच मेदाम्लांवर. खातं माझं आणि मिरवतं आपलं.

घरात एकदा सगळ्यांचा फोटो काढायचा होता. धाकटी हसत म्हणाली, "ताई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा ना, नाहीतर आम्ही कोणी दिसायचो नाही."

सगळे हसले. थोरलीही हसली आणि मागे जाऊन उभी राहिली. त्या संध्याकाळपासून तिने रात्रीचं जेवण सोडलं.

नवरा म्हणाला, "उपाशी कशाला राहतेस? कामावर चक्कर येईल."

"तुम्ही बोलू नका. तुमच्या भावाने बायको बघताना कंबर बघितली. तुम्ही काय बघितलंत?"

"तुझं हसणं."

"म्हणजे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

थोरली धाकटीच्या कंबरेवर जळत होती, मी काळजावर. एकाच अंगात दोन मत्सर नांदत होते.

थंडीच्या दिवसांत दोघी जावा सासूबाईंना आणायला निघाल्या. सासूबाई तलावापलीकडे लेकीकडे राहायला गेल्या होत्या. फोटोनंतर दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. लाँचमध्ये एक या बाजूला बसली, एक त्या बाजूला. मध्यावर गेल्यावर कोणीतरी पाणपक्षी दाखवले, माणसं एका कडेला लोटली, आणि नावाड्याची हाक पुरी व्हायच्या आत लाँच कलंडली.

बाकीच्यांनी उलट्या लाँचला धरलं. या दोघी मात्र लाटेने लांब फेकल्या गेल्या. धाकटी हातपाय झाडत खाली जायची, वर यायची. थोरलीला पोहणं असं येत नव्हतं, पण लहानपणी ती पाण्यावर उताणी पडून राहायला शिकली होती. तिने धाकटीचा दंड धरला.

"हातपाय मारू नकोस. माझ्या अंगावर ये."

"आपण दोघी बुडू, ताई. सोडा मला."

"सोडायला धरलंय का? मी जाडी आहे, बुडत नाही. मिठी मार."

जाडी हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच तसा ऐकला, लाज नसलेला.

पाण्यापेक्षा मी हलकी. थोरलीला मी वर उचलून धरलं आणि थोरलीने धाकटीला. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या, आणि आतली ऊब मी बाहेर जाऊ दिली नाही. धाकटीचे ओठ निळे पडत चालले होते. तिच्याकडे माझ्यासारखी कोणी नव्हतीच म्हणायला. थोरलीचे स्नायू कुडकुडून ऊब करत होते. त्यांच्याजवळची साखर सरत आली तसे ते माझ्याकडे हात पसरून आले. एरवी ताकदीने मिरवणारे हे दंड! दिलं मी. काळजालाही दिलं. त्या वेळी हिशेब काढत बसायला मी काही सावत्र नव्हते.

कोळ्यांची होडी आली तेव्हा दोघींची मिठी सोडवायला दोन माणसं लागली. होडीवाला म्हणाला, "बाईचं काळीज वाघाचं म्हणायचं."

मी अशी जळले म्हणता! पुढे धुलाईखान्यातल्या बायका म्हणाल्या, "चादरी उचलून उचलून दंड कमावलेत, म्हणून निभावलं." काळीज झालं, दंड झाले. सगळ्यांचा सत्कार झाला, मला सोडून.

पण थोरलीच्या छातीत पाणी गेलं होतं. न्यूमोनिया झाला. तिला तिच्याच हॉस्पिटलात, तिनेच कधीतरी घडी घातलेल्या चादरीवर झोपवलं. ताप उतरेना, घास गिळवेना. सलाइन होतं, पण त्याने कुठे पोट भरतं? मग अंगाने माझ्या माळ्याला शिडी लावली. रोज मी थोडी थोडी सुटत गेले. मेंदूचा तोरा तर असा, की मी आहे तशी त्याला चालत नाही. यकृताने माझं रूप बदलून दिलं तेव्हा कुठे साहेब जेवले.

धाकटीने दुकानातून रजा घेतली होती. ती उशाशी बसून असायची. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "आता काळजी नाही. इतके दिवस अन्न नाही, तरी तग धरला."

"काळीज खंबीर आहे त्यांचं," धाकटी म्हणाली.

"काळीज असेल हो. पण अंगावर चरबी होती म्हणून निभावलं. तुमच्यासारखी बारीक बाई असती तर फार जड गेलं असतं."

वाक्य तेवढंच. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने त्यांनी विशेष काहीच सांगितलं नव्हतं.

थोरलीने डोळे उघडे ठेवायला सुरुवात केली तेव्हा ती निम्मी झाली होती. भेटायला आलेली मैत्रीण म्हणाली, "काय छान बारीक झालीस गं! काय केलंस?"

"बुडाले," थोरली म्हणाली.

मैत्रीण गेल्यावर धाकटी बेडच्या कडेला चादरीचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, "ताई, मला लग्न झाल्यापासून तुमचा हेवा वाटतो."

थोरलीला वाटलं आपल्याच कानात ताप शिरलाय. "माझा? कशाचा?"

"पोरांना झोप आली की तुमच्या मांडीवर. माझीसुद्धा. माझी मांडी त्यांना टोचते म्हणतात. घरात कोणाला रडू आलं तरी तुमच्याच कुशीत. मग मी काहीतरी टोचून बोलते. त्या दिवशी पाण्यात मला कळलं पोरं तिथे का येतात ते."

थोरलीने हात पुढे केला. धाकटीने तो दोन्ही हातांत धरला. हात हाडकुळा झाला होता, आणि थंडही.

ऐकलंत? मांडी. कूस. ती मीच. पण हे ऐकायला मी उरलेय कितीशी? जळलेली चरबी कुठे जाते म्हणून माणसांना प्रश्न पडतो. घामातून, म्हणतात. नाही हो. मी बहुतेक श्वासावाटे गेले. थोरली एकेक श्वास सोडत होती आणि मी खोलीतल्या हवेत मिसळत होते. मागे राहिल्यात माझ्या रिकाम्या पेशी, पसरून ठेवलेल्या पिशव्यांसारख्या.

तुमच्याकडे मागणं फार नाही. मला डोक्यावर घेऊ नका. मी फार झाले की काळजाच्याच वाटा तुंबतात, हेही मला ठाऊक आहे. पण कोणाचं काळीज वाखाणाल तेव्हा ते कोणाच्या जिवावर चाललंय, एवढं मनात असू द्या.

दुपारी धाकटीने घरून गरम भात आणला. थोरलीने पहिला घास चावून चावून गिळला. आता हा घास आधी मेंदूकडे जाईल, मग काळजाकडे, मग त्या मिरवणाऱ्या दंडांकडे. सगळ्यांचं पोट भरून जे उरेल ते माझं. माझी पाळी नेहमीच शेवटची, आणि त्याची आग मला आजही होते.

"अजून घालू?" धाकटीने विचारलं.

थोरलीने ताट पुढे केलं.