समुद्र माझ्या चाकांपर्यंत आला

मी चाकांची खुर्ची बोलतेय. श्रीरामपुरात ग्लोरियाबाईंच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो.

आधी मी एका दवाखान्यात होते. दारापासून खाटेपर्यंत माणूस न्यायचा, एवढंच काम. नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली जाऊन पडले. तिथून बेंजामिननं मला आपल्या आईसाठी घरी आणलं.

त्याची आई म्हणजे ग्लोरियाबाई. शाळेत भूगोल शिकवायच्या. भरती-ओहोटीचा धडा त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवला, पण समुद्र पाहायचा राहूनच गेला होता. अर्धांगवायूनं उजवा पाय गेल्यावर तर त्यांनी तो विषयच सोडला. शेवटी या हिवाळ्यात सून कृपानं अलिबागला जायचं ठरवलं. गाडी गोरक्षची. तो बाईंचाच जुना विद्यार्थी.

रात्री तिथं मुक्काम केला आणि सकाळी किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र पार लांब सरकलेला. कोरड्या वाळूत माझी चाकं रुतली. बेंजामिन आणि गोरक्षनं बाईंसकट मला उचलून थोडं पुढं नेलं, पण तिथून पुढं सगळा चिखल. मला फार वाईट वाटलं. माझ्या चाकांमुळंच त्यांचं अडलं होतं.

बेंजामिन म्हणाला, पाठुंगळीला घेतो. बाई नको म्हणाल्या आणि हिशेब करू लागल्या. मुक्कामाच्या घरमालकीणबाईंचा संकष्टीचा उपास होता, म्हणजे आज चतुर्थी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. वाळूवर शेवाळ आणि शिंपल्यांची एक ओळ पडली होती. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं. पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून उधाण येतं. त्यानंतर ते रोज थोडं उतरत जातं. म्हणून बाईंनी मला त्या ओळीच्या जरा खाली, समुद्राच्या बाजूला ठेवायला सांगितलं.

गोरक्षला दुपारीच निघायचं होतं, उजेडात घाट चढायचा होता. त्यानं विचारलं, "बाई, पानी खरंच इथवर येतंय व्हय?"

"पोरांना तर हेच सांगत आले," बाई म्हणाल्या. "आता माझं मलाच बघू दे."

तो शेजारी वाळूवर बसला.

दुपारी जेवणं तिथंच झाली. पाणी येत होतं, मागं जात होतं, पण दर खेपेला थोडं जवळ. तीनच्या सुमाराला एक लाट माझ्या पुढच्या चाकांना लागली. त्यामागची थेट पाय ठेवायच्या पाटावर चढली.

"कृपा," बाई हळूच म्हणाल्या, "डाव्या पायाला गार लागलं गं." मग वाकून त्यांनी उजवा पायही हातानं पाण्यात सोडला. त्याला काही कळत नव्हतं, तरी सोडला. कृपानं तोंड फिरवून डोळे पुसले. गोरक्षनं घाटाचं नाव काढलं नाही.

त्या खाऱ्या पाण्यानं माझ्या चाकांना गंज धरलाय. बेंजामिन तेल घालतो, तरी मी कुरकुरते. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असेल, तर तिला दारापासून खाटेपर्यंतच फिरवू नका. येते मी, बाईंची अंगणात उन्हाला बसायची वेळ झाली.