अकरा आवर्तने आणि एक खिळा

नाद हाच परमेश्वराचा पहिला देह. आकाश नव्हते, पाणी नव्हते, माती नव्हती, तेव्हा नाद होता. आणि सारे विरून गेल्यावर जे उरेल, तोही नादच असेल.

असे शतकोत्सव समितीच्या फ्लेक्सवर छापले होते. त्याखाली, नादाहून मोठ्या आकारात, समितीच्या अध्यक्षांचा फोटो होता. बांधायला दुसरीकडे जागा न मिळाल्यामुळे परमेश्वराचा पहिला देह गुरांच्या दवाखान्याच्या कुंपणावर दोन सुतळ्यांनी लटकत होता.

गुड फ्रायडेआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते. वसईच्या पश्चिमपट्टीवरची ती केळीच्या पानांतून गाळून येणारी, हरितपीत, मंदमंथर दुपार. विहिरींचे पाणी खोल गेलेले, ताडांच्या सावल्या आखडलेल्या, वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास. चुन्याने नुकतेच शुभ्र झालेले चर्च त्या उन्हात असे उभे होते, की डोळे आपोआप मिटावेत आणि लोकांना ती भक्ती वाटावी.

आणि आत, माळ्यावर, लाकडी कठड्यामागे, चोवीस माणसे घाम पुसत मरणाचे गाणे म्हणत होती.

गाणे लॅटिन. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा जर्मन गावात, थंडीने बोटे आखडलेल्या कुणा ऑर्गनवादकाने लिहिलेले. शंभर वर्षांपूर्वी एका मिशनरी धर्मगुरूच्या पेटीतून ते या केळीच्या बागांत उतरले. कागद वाळवीने खाल्ले. गाणे मात्र आईच्या तोंडून लेकीच्या कानात, बापाच्या तोंडून मुलाच्या कानात उतरत राहिले. ज्या भाषेतला एक शब्द कुणाला कळत नव्हता, त्या भाषेत चार पिढ्या रडल्या.

खाली, खर्जात, पुरुषांचा आवाज. सहा स्वरांची एक उतरण, अर्ध्या-अर्ध्या स्वराने, ओला दोर हातातून सुटत जावा तशी. तळ गाठायचा, पुन्हा वर यायचे, पुन्हा उतरायचे. तेच सहा स्वर, तीच उतरण, तेच ओझे. वरचे तिन्ही आवाज काहीही म्हणोत, खालच्यांना ठाऊक असते की आज फक्त खाली जायचे आहे.

आणि त्या उतरणीच्या मधोमध स्त्रियांचा एक स्वर थांबतो. बाकीचे पुढे जातात, तो जात नाही. क्षणापूर्वी जो सर्वांशी जुळलेला होता, तो आता सर्वांना बोचतो. काटा तोच असतो; पाऊल हललेले असते. मग केव्हातरी तो अर्धा स्वर खाली येतो, आणि ऐकणाऱ्याच्या छातीतून काहीतरी निघून जाते.

तो स्वर अंजेलीन तुस्कानोचा होता.

मोगऱ्याच्या दहा वाफ्यांची मालकीण, वय एकसष्ट. मधल्या आवाजात गाणाऱ्या सहा बायकांपैकी एक. पण तो थांबलेला स्वर तिचा एकटीचा. तिच्या आईने तो तिला दिला होता, आणि देताना सांगितले होते, "पुस्तकाकडे बघू नको, आपल्याकडे पुस्तक नाही. सुताराच्या मनगटाकडे बघ. मनगट ढिलं पडलं की सोड."

कारण हे गाणे गावात फक्त एकदाच होई. गुड फ्रायडेला, दुपारी तीनला, वेदीसमोरच्या उंच क्रूसावरून लाकडी ख्रिस्ताचा देह उतरवताना. आधी उजव्या हाताचा खिळा, मग डाव्या हाताचा, आणि शेवटी पायांचा. खांद्यांखालून पांढरे कापड, कापडाची टोके चार माणसांच्या हातांत, आणि पायांशी, शिडीच्या तळाला, पावलू सुतार पकड घेऊन. पायांचा खिळा लांब, लाकूड जुने. त्याला घाई चालत नसे. तो निघेपर्यंत अंजेलीन स्वर धरी, पुरुष उतरण फिरवत राहत, आणि खिळा निघाला की स्वर खाली, देह खाली, माना खाली. कधी बारा वेळा, कधी चौदा. एका दमट वर्षी एकोणीस. मोजायचे कुणाच्या मनात आले नाही. प्रेताला खांदा देताना पावले मोजत नाहीत.

अशा या सुखी अज्ञानात गाण्याच्या शतकोत्सव समितीने डॉ. अवनींद्र पाठारे यांना आणले.

मुंबईचे डॉ. पाठारे पाश्चात्त्य धर्मसंगीताचे मीमांसक होते. शुभ्रकेशी, रेशीमगुलुबंदधारी, मंदस्मितमंडित. मार्चमध्ये, वसईत, गुलुबंद. तरुणपणी जर्मनीत त्यांनी सहा आठवडे घालवले होते. त्याला एकेचाळीस वर्षे झाली, तरी ते आठवडे अजून संपले नव्हते. दर तिसऱ्या वाक्याला त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडे.

माळ्यावर त्यांनी मूळ हस्तलिखिताची छायाप्रत उलगडली, आणि तिचे विश्लेषण केले. विश्लेषण म्हणजे काय, हे गावाला त्या दिवशी कळले. जिवंत कोंबडीच्या पोटात अंडी किती, हे नक्की सांगण्याची ती एकमेव पद्धत आहे.

"अकरा," डॉक्टर म्हणाले, आणि डोळे मिटले. "ही अधोगामी, अश्रुगामी, मृत्युगामी पदपंक्ती बरोबर अकरा वेळा येते. का अकरा? बारा शिष्यांतून विश्वासघातकी वजा करा."

समितीचे अध्यक्ष कुस्तोद डाबरे यांनी बोटांवर वजाबाकी करून पाहिली. बरोबर आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात इतके बरोबर काही आले नव्हते.

"आणि हा मधला विलंबित स्वर," डॉक्टरांची पेन्सिल कागदावर राजहंसासारखी तरंगली, "तीन मात्रा. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. चौथी मात्रा हा अनाचार आहे. बाई, तुम्ही किती मात्रा धरता?"

"निघेपर्यंत," अंजेलीन म्हणाली.

"काय निघेपर्यंत?"

"खिळा."

डॉक्टर हसले. ते आधी हसले, मग समिती हसली. त्या क्रमात कधी चूक होत नसे. खिळा कसला, हे विचारावे असे डॉक्टरांना वाटले नाही. गुड फ्रायडेला या गावात काय होते ते त्यांनी पाहिलेले नव्हते, आणि हस्तलिखितात सुताराचा उल्लेख नव्हता.

समितीतल्या कुणालाच ते सांगवले नाही. ज्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडते, त्याला पकड आणि सुतार कोण सांगणार?

मग तालीम सुरू झाली. टाळ्या, मात्रा, पेन्सिलीची टकटक. तीन मात्रा झाल्या की स्वर सोडायचा. अंजेलीनला सोडता येईना. चाळीस वर्षे जो सुताराचे मनगट पाहून सुटे, तो पेन्सिल पाहून कसा सुटावा? स्वर उरे, गळ्यात, कानात, माळ्याच्या तुळयांत. आणि डॉक्टर कपाळाला हात लावत.

"यांना ओठ हलवू द्या," शेवटी ते म्हणाले. "आवाज नको."

"ओठ मी घरी हलवते," अंजेलीन म्हणाली. "जेवताना."

पाठीमागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले, आणि अंजेलीनचे नशीब ठरले.

संध्याकाळी कुस्तोद तिच्या मोगऱ्यापाशी आला. कळ्या खुडायची वेळ होती; सूर्य केळीआड रक्तवर्ण, ओंजळी शुभ्रवर्ण, आणि कुस्तोदचा चेहरा, निरोप आणणाऱ्या माणसाचा असतो तसा, वर्णहीन.

"अंजेलीनबाय, यंदा तू खाली बस. व्हिडिओ होणार आहे. परदेशात जाणार आहे."

"खाली बसून काय करू?"

"प्रार्थना कर. तीपण लागतेच की."

"आणि तीन मात्रांत खिळा नाही निघाला तर?"

"डॉक्टरांनी सगळं मोजलंय."

"पावलूला मोजलंय?"

कुस्तोदने मोगऱ्याची स्तुती केली आणि तो गेला.

त्या रात्री अंजेलीनने स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि मधेच थांबून, ओल्या हातांनी, तो स्वर धरून पाहिला. आईचा होता तो. आईच्या बांगड्या विकल्या गेल्या, आईचे घर दोन भावांत गेले. हाच एक वाट्याला आला होता. आता तोही कुणीतरी मोजून घेऊन गेले.

गुड फ्रायडे उजाडला तो धगधगीत, निर्वात, निःशब्द. घंटा बांधलेल्या. त्यांच्या जागी लाकडी खटखटे. झाडांची पानेही शोकसभेला आल्यासारखी उभी. तीन वाजता चर्च माणसांनी भरले, काळ्या कपड्यांनी भरले, हलत्या हातपंख्यांनी भरले. माळ्यावर कॅमेरा लागला. डॉक्टरांनी गुलुबंद काळा घातला होता. दुःखाचीही त्यांनी तालीम केलेली होती.

अंजेलीन खाली बसली, बायकांच्या तिसऱ्या ओळीत, हात मांडीवर.

गाणे सुरू झाले. उतरण, पुन्हा उतरण, पुन्हा उतरण. निर्दोष. नितळ. इस्त्री केलेले. उजव्या हाताचा खिळा निघाला. डाव्या हाताचा निघाला. लाकडी भुजा कातडी सांध्यांतून हळूच खाली लोंबल्या, आणि बायकांच्या ओळीतून हुंदका गेला. अकरावे आवर्तन आले. मधला स्वर तीन मात्रा थांबला, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि आज्ञाधारकपणे खाली आला. गाणे संपले. डॉक्टरांनी हवेत पेन्सिल थांबवली आणि डोळे मिटून त्या समाप्तीचा आस्वाद घेतला.

पायांचा खिळा जागेवर होता.

शांतता पडली. ती शांतता पवित्र नव्हती. तिच्यात पकडीचा किर्र आवाज होता, बाहेर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची शिटी होती, चारशे माणसांचे न घेतलेले श्वास होते. परमेश्वराचा पुत्र खांद्यांनी कापडात आणि पायांनी क्रूसावर, ना वर ना खाली, आणि कापड धरलेल्या चौघांचे दंड थरथरत होते.

पावलूने ओढले. पुन्हा ओढले. मग त्याने सवयीने वर माळ्याकडे पाहिले. तिथून काहीच येत नव्हते. तीस वर्षे त्याचा जोर त्या स्वरावर टेकून उभा होता; आज टेकायला काही नव्हते. पकड घसरली. पायाच्या रंगाची एक खपली उडून जमिनीवर पडली. कुणीतरी "येशू!" म्हणाले, आणि ती प्रार्थना नव्हती.

कठड्यावरून वाकून कुस्तोद दोन्ही हातांनी 'लवकर, लवकर' करत होता. डॉक्टर छायाप्रत उलटून पाहत होते. मागची बाजू कोरी होती.

तेव्हा तिसऱ्या ओळीतून तो स्वर आला.

मोठा नव्हता. सुंदरही नव्हता; एकसष्ट वर्षांचा, जरासा खरखरीत, विहिरीच्या दोरासारखा पिळदार. पण तो आला आणि थांबला. अंजेलीन उभी राहिली नव्हती. ती पावलूच्या मनगटाकडे पाहत होती.

पुरुषांच्या बाकांवरून, कुठल्याशा म्हाताऱ्या छातीतून, उतरण सुरू झाली. मग शेजारच्या छातीतून. मग माळ्यावरचे आवाजही, पेन्सिलीकडे पाठ करून, कठड्याशी आले. सहा स्वर, खाली. सहा स्वर, पुन्हा खाली. आणि त्या सर्वांना बोचत, त्या सर्वांना बांधत, तो एक न हलणारा स्वर. तिने श्वास कुठे चोरला, ते कुणाला कळले नाही.

पावलूने कपाळ पुसले. पकड लावली. मनगट ताणले, ताणले, ताणले.

आणि ढिले पडले.

स्वर अर्धा खाली आला. देह खाली आला. पांढऱ्या कापडात, लोंबत्या भुजांनी, चारशे माणसांच्या मधोमध; आणि सारे चर्च एका श्वासाने रिकामे झाले.

माळ्यावर एकटे डॉक्टर कोरडे होते. ते मोजत होते. अकरा आणि वरची सहा: सतरा.

पुढे त्यांचा निबंध आला. एक ते सतरा आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न. शुभवर्तमानातल्या जाळ्यात मासेही एकशे त्रेपन्न. सतरा आवर्तनांची ही गूढगहन रचना आपण पहिल्याच दिवशी ओळखली होती, असे त्यात म्हटले होते. अकराचा उल्लेख कुठे नव्हता. पावलूचा नव्हता. अंजेलीनचा होता, "लोकपरंपरेतील अबोध स्वरसंस्कार" असा. कुस्तोदने निबंधाच्या प्रती वाटल्या आणि बोटांवर बेरीज करून पाहिली. बोटे पुरली नाहीत, तेव्हा त्याची श्रद्धा आणखी वाढली.

ईस्टरनंतर समितीने एकमताने ठराव केला आणि कुस्तोद तो घेऊन पुन्हा मोगऱ्यापाशी आला.

"अंजेलीनबाय, पुढल्या वर्षी मानाने वर ये. पहिल्या ओळीत तुझी जागा."

"नको रे कुस्तोद. मी खालूनच म्हणेन. मनगट बरं दिसतं."

"रुसलीस?"

"छे."

कुस्तोदने समितीला सांगितले की बाईंनी नम्रतेपोटी उच्चासनाचा त्याग केला. समिती गहिवरली. डॉक्टरांनी कळवले की असा उच्चासनत्याग मध्ययुगीन संतस्त्रियांत आढळतो, आणि त्यावर ते स्वतंत्र टिपण लिहीत आहेत.

माळ्याच्या जिन्याला सत्तावीस पायऱ्या आहेत, आणि अंजेलीनचे गुडघे चार वर्षांपासून दुखत होते.