पासष्टची नफरी

आमच्या घरात पुरी होत नाही. बुद्धपौर्णिमेला खीर होते, पाहुण्यांना पुरणपोळी होते, पण पुरी नाही. सहावीत असताना मी वाढदिवसाला पुरीचा हट्ट धरला, तर बाबा ताटावरून उठून गेले ते संध्याकाळी घरी आले. का, ते आईलाही माहीत नव्हतं. पुन्हा पुरीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

बाबा म्हणजे इंद्रभान, मेडशीचे, फौजेतून पेन्शनीत आलेले. कारगिलच्या लढाईत ते वर पहाडात होते, एवढं गावाला ठाऊक. तिथे काय केलं विचारलं, की "ड्युटी केली" म्हणायचे आणि वावराची वाट धरायचे. फौजेतला एकच शब्द त्यांनी घरात आणला होता, नफरी. म्हणजे माणसं किती. आई कणीक मळायला बसली, की बाबा विचारणार, "नफरी किती?" आई म्हणणार, "तीन." मग बाबा म्हणणार, "दोन. मले नफरीत धरू नोको." मी आणि आई जेवलो, की टोपल्यात उरेल ते खायचे. काही नाही उरलं, तर पाणी पिऊन उठायचे.

आणि मी युद्धाचे पिच्चर पाहते. एकूण एक. गावातले लोक कौतुकानं म्हणतात, "फौजीची पोरगी हाय, रक्तातच हाय तिच्या." माझी आत्या बेबीताई म्हणते, "लग्नाच्या पोरीनं असे मारकाटीचे पिच्चर पाहू नाई." दोघांनाही माझा नमस्कार. मला तोफा आवडत नाहीत, बंदुकीचा आवाज आला की मी टीव्ही बारीक करते. माझं कारण वेगळं आहे आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बाबा सावध झाले असते.

नववीत होते तेव्हाची गोष्ट. टीव्हीवर बर्फातला तंबू होता आणि हिरो वाफाळलेला डाळभात खात होता. बाबा शेळीसाठी पाण्याची बादली घेऊन दारातून चालले होते. थांबले, म्हणाले, "डाळ अशी शिजत नाही तिथी. कुकराच्या शिट्ट्यावर शिट्ट्या होतेत, तरी दाना टनक राह्यते." आणि गेले. पंधरा वर्षांच्या माझ्या आयुष्यात त्या पहाडाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मला समजलं, की हा माणूस विचारलं तर बोलत नाही, पण चूक दिसली तर त्याला राहवत नाही.

झालं. मी चुकीचे पिच्चर शोधायला लागले. जितका भंकस पिच्चर, तितका माझा फायदा. शेकोटीभोवती गाणारे जवान दिसले, की बाबा म्हणायचे, "आग नाही पेटवत. धूर दिसते." पत्र मोठ्यानं वाचणारा जवान दिसला, की म्हणायचे, "असं कोनी वाचत नाही. पाठ करतेत मनातल्या मनात." चौदा वर्षांत अशी चाळीसेक वाक्यं मिळाली. ती मला सगळी पाठ आहेत. त्यांतूनच कळलं, की बाबा लांगरी होते. फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकात, ते जेवण करायचे. पुरीबद्दल मात्र अक्षर नाही.

यंदा मी शिकवते त्या शाळेनं सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिनाला, बाबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. बाबा नाहीच म्हणाले असते, पण मीच गळ घातली. परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमचे मुख्याध्यापक धनराज सर माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सगळं मोठं दिसायला लागतं. माझा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, लांगरी काहून लिहिलं? पोट्टे हासतीन. 'शत्रूशी समोरासमोर झुंजले' असं लिहा ना!"

"झुंजले नाहीत, सर. पोळ्या केल्या."

"पन लिहाले काय जाते?"

"माझ्या बापाचं जाते," मी म्हटलं. आवाज चढला होता, मी उतरवला नाही. "लांगरी कापायचं असेल तर मलाही कापा. तसंही कंत्राटावरच आहे."

सरांनी माझा कागद कापला नाही. पण त्यांच्या हातचा दुसरा परिचय तयार असल्याचं मला दुसऱ्या एका मास्तरांनी सांगितलं. वर जेवणाला पुरीभाजी ठरवली. खिचडी करा म्हणून मी विनवलं, तर म्हणाले, "सनाच्या दिवशी खिचडी? चांगलं दिसते काय?"

सव्वीसला सरांनी खिशातला कागद काढायच्या आत मी माईक धरला. म्हटलं, "हे माझे वडील. फौजेत लांगरी होते. बंदूक त्यांना चालवता येत होती, पण लढाईत त्यांनी झारा चालवला." पोरं खो खो हसली. बाबा खाली मान घालून बसले होते. खरं बोलायच्या नादात आपणच बापाचं हसं केलं, असं वाटून मला रडू फुटायला आलं. पण माईक सोडला नाही, परिचय पुरा वाचला.

मग भिंतीवर पिच्चर लावला. पहाडावर जवान जेवायला बसले होते आणि पुऱ्या कमी पडल्या होत्या. हिरोनं आपली शेवटची पुरी दोस्ताला दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"चूक हाय," बाबा म्हणाले. उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

धनराज सरांनी घाबरून पिच्चर थांबवला.

"तिथी पुऱ्या कमी नाही पडत," बाबा म्हणाले. "उरतेत. एकतीस जनाची नफरी होती. चार-चार पुऱ्या तळल्या, पाठीवर बांधून वर चढलो. वर गेलो त बावीस जन होते. छत्तीस पुऱ्या उरल्या. फेकता आल्या नाही. खाता बी आल्या नाही."

एका पोरीनं विचारलं, "मंग काय केलं?"

"चार दिवस पाठीवर वागवल्या. मंग नऊ दगडाखाली ठेवल्या. चार-चार."

कुणी हसलं नाही. मी रडले, आणि कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणून डोळेही पुसले नाहीत.

बाबा बसले नाहीत. आवारात शाळेची स्वयंपाकीण गोजराबाई कढई चढवून बसली होती, तिच्याकडे ते सरळ चालत गेले. मी मागे धावले. तेलाचा वास सुटला होता. "बाबा, घरी चला," मी म्हटलं.

"झारा आन, बाई," ते गोजराबाईला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नफरी किती?"

पोरं एकोणसाठ, आम्ही मास्तर लोक मुख्याध्यापकांसकट पाच, गोजराबाई एक. "पासष्ट, बाबा."

"सहासष्ट," ते म्हणाले आणि पहिली पुरी तेलात सोडली.

मी पुन्हा मोजलं. पासष्टच होते. म्हटलं, चुकले असतील, इतक्या वर्षांनी झारा हातात आला आहे. गोजराबाई लाटत होती, बाबा तळत होते, मी वाढत होते. प्रत्येकाला चार. धनराज सर सगळ्यात शेवटी ताट घेऊन, मान खाली घालून आले. बाबांनी त्यांनाही चारच वाढल्या. गोजराबाईला मी जबरदस्तीनं बसवलं, मीही माझ्या चार घेतल्या.

टोपल्यात चार पुऱ्या उरल्या.

मी टोपलं उचललं. धावतच बाबांपाशी गेले. "बाबा, नफरी चुकली तुमची. मी म्हटलं होतं ना, पासष्टच आहेत म्हणून. राहू द्या, मी खाते त्या."

"नाही चुकली," बाबा म्हणाले. त्यांनी टोपलं माझ्या हातून घेतलं आणि पायरीवर, पोरांच्या रांगेच्या टोकाला, मांडी घालून बसले. "माह्या हायेत त्या."

एक घास खाऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय."