राजाची वाळू

"आजोबा, एवढ्या मिरच्या तोडून घ्या. महिन्याभरात जमीन मोकळी करायची." राजवाड्याचा कारकून सुहार्दी बांधावर उभा राहून म्हणाला. मी वाकून मिरच्याच तोडत होतो. तोडत राहिलो.

पलीकडच्या ओळीतून माझी मेव्हणी पाइरा उठली. "का वं? राजाला मिरच्या कमी पडल्या व्हय?"

"हॉटेल होणार आहे, मावशी. आणि त्याची बाग इथं." त्यानं मूठभर माती उचलून चुरली. "काय माती आहे राजाची!"

तेव्हा माझे हात थांबले.

जावाच्या या दक्षिण किनाऱ्यावर माती नव्हतीच. आम्ही लग्न करून आलो तेव्हा नुसती वाळू होती, आणि वारा उभं राहू देत नव्हता. सारिनेमनं, माझ्या बायकोनं, सव्वीस वर्षं पाठीला टोपली बांधून शेण वाहिलं, पेंढा वाहिला, रस्त्यापलीकडची चिकणमाती वाहिली. वारा अडवायला सुरूची झाडं लावली. गेल्या रमजानच्या रोज्यांत सारिनेम वारली. आंघोळ घालताना बायकांना तिची पाठ सरळ करता आली नाही.

"कर तरी भरतो का तुमचा राजा हिचा?" पाइरानं विचारलं.

"राजाच्या जमिनीला कर नसतो."

"माझ्या रस्त्यापलीकडच्या टीचभर तुकड्याला हाय, आन् आख्ख्या किनाऱ्याला न्हाई? भलतंच गरीब दिसतंय बिचारं!"

सुहार्दीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्यापुढं जुना कागद धरला. "अंगठा तुमचाच ना, आजोबा? राजा मागेल तेव्हा जमीन दिली तशी परत करायची."

"वाचा की पुन्यांदा."

"दिली तशी परत करायची."

"बरं," मी म्हणालो. "दिली तशी देतो."

तो गेल्यावर पाइरा खवळली. "माझी भन ह्या रानापायी मेली, दाजी. आन् तुमी बरं म्हणताय?"

"खोरं आण," मी म्हणालो. "आन् तुज्या रानात जागा कर."

सगळी आळी गाड्या घेऊन आली. महिनाभर आम्ही माती उपसली, खालची पांढरी वाळू लागेपर्यंत. आम्हीच खणलेल्या विहिरीतल्या सिमेंटच्या गोल कड्या वर ओढल्या, विहीर बुजवली. सुरूच्या झाडांवर पहिली कुऱ्हाड मीच घातली. झाडांचं वाईट वाटलं. दुसऱ्या कुणाचं नाही.

ठरल्या दिवशी सुहार्दी हॉटेलच्या दोन साहेबांना घेऊन आला. गाडी कडेलाच रुतली. वाऱ्यानं वाळू अशी उडत होती की तिघांना डोळे उघडता येईनात.

"हे काय केलंत? माती कुठंय?"

"माजी माती पाइराच्या रानात हाय. तिच्या नावचं रान हाय ते, करबी भरलाय. तुमची वाळू ही बघा, मोजून घ्या."

"पोलिसांत देईन मी!"

"द्या की. संगट त्यो कागदबी द्या, त्यांना वाचाया."

साहेब खोकत, शिव्या देत गाडीकडं वळले. सुहार्दी त्यांच्या मागं चार पावलं गेला, पायातला बूट वाळूत अडकला, तसा खाली बसला. तोंडात वाळू गेली होती. थुंकून झाल्यावर हळूच म्हणाला, "आजोबा, घोटभर पाणी मिळेल?"

"हाय की." मी त्याच्या बुडाखाली बोट दाखवलं. "तीन पुरुष खोल. राजाचंच हाय. खणा."