दारापुढच्या आठ पायऱ्या

मी एक जुना जिना आहे. मित्रांनो, एके काळी मला एकोणसत्तर पायऱ्या होत्या. आज त्यांतली एकच उरली आहे, आणि तरीही माझ्याइतका खूश जिना तुम्हांला अख्ख्या ओसाका परिसरात शोधून सापडणार नाही. हे कसे काय, ते ऐका.

माझा जन्म १९६७ सालचा. ओसाकाच्या उत्तरेला बांबूच्या टेकड्या सपाट करून तिथे हिनोओका नावाची दांची उभी राहत होती. दांची म्हणजे कमी भाड्याच्या सरकारी घरांची वसाहत. इमारती पाच मजली, लिफ्ट नाही. लिफ्ट टाळली की भाडे आवाक्यात राहते, असा हिशेब होता. त्यामुळे सगळ्यांना वर नेण्याचे काम माझ्याकडे आले. सुतारांनी फळ्यांचा साचा ठोकला, आत सळ्यांची जाळी विणली आणि वरून ओले काँक्रीट ओतले. अठ्ठावीस दिवसांत मी पुरता घट्ट झालो. तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत पाच पायऱ्या आणि मग वरच्या चार मजल्यांना प्रत्येकी सोळा. आठ चढायच्या, वळायचे, पुन्हा आठ चढायच्या. प्रत्येक पायरी सव्वासोळा सेंटिमीटर उंच, ना एक केस कमी, ना जास्त. प्रत्येक मजल्यावर माझ्या डाव्या-उजव्या हाताला एकेक दार. इमारतीत असे आणखी जिने होते, पण या दहा घरांना मी एकटाच.

मला डोळे नाहीत. पण पावलांचे वजन आणि आवाज मला इतके पक्के कळतात की डोळ्यांवाचून माझे काही अडले नाही.

घरांची सोडत निघाली तेव्हा एकेका घरामागे बेचाळीस अर्ज होते. पाचव्या मजल्यावरचे डावीकडचे घर लागले तोमिए मात्सुएदा नावाच्या सव्वीस वर्षांच्या बाईला. पहिल्या दिवशी पाठीवर बाळ बांधून ती मला चक्क धावत चढली. दोन मिनिटांनी वरून तिची हाक आली, "अहो, बेसिन स्टीलचं आहे! त्यात माझं तोंड दिसतंय!"

तिसऱ्या मजल्यावर कपाटाखाली वाकलेल्या नवऱ्याने ओरडून उत्तर दिले, "तोंड नंतर बघ, आधी खाली येऊन हे कपाट धर!"

काय दिवस होते ते! दहा घरांत मिळून एकोणीस मुले. शाळा सुटली की अडतीस पाय माझ्यावर एकदम आदळत. दूरदूरचे वास्तुविशारद वह्या घेऊन येत, माझा कठडा चाचपून पाहत आणि माझी स्तुती करत.

आमच्या दहा घरांत एक लाकडी पाटी फिरायची. ती ज्याच्या दाराच्या मुठीला टांगलेली असेल, त्याने त्या आठवड्यात मला वरपासून खालपर्यंत झाडायचे आणि रविवारी पाटी शेजारच्या दाराला लावायची. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नसे. ताप आला तरी लोक आधी मला झाडत आणि मग अंथरूण धरत. तोमिएचा हात तर सगळ्यांत पक्का. माझे कोपरे ती दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करी.

मग मुले मोठी झाली आणि एकेक करून निघून गेली. नवी जोडपी घर बघायला येत, चौथ्या मजल्यावर दम लागला की "विचार करून सांगतो" म्हणत, आणि परत येत नसत. दहांपैकी चार दारांना कुलूप लागले. माझ्या कठड्याचा रंग सोलला, दुसऱ्या वळणावर मला बारीक तडा गेला. पाटी मात्र फिरत राहिली.

तोमिए आता एक्क्याऐंशीची झाली होती. नवरा कधीच गेला होता. तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला होता, आणि गेल्या दहा महिन्यांत ती एकदाही खाली उतरली नव्हती. पहिल्या मजल्यावरचे कोगुरे, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, तिचा कचरा खाली नेत आणि भाजी वर आणत. पाटी तिच्या दाराला आली की ती दारापुढच्या आठच पायऱ्या बसत-बसत झाडी. उरलेला जिना कोगुरे गुपचूप झाडून टाकत.

"कोगुरे," ती वरून म्हणे, "कोपरे सोडलेत तुम्ही. झाडूच्या आवाजावरून कळतं मला."

"मात्सुएदाबाई, चाळीस वर्षं बस चालवली मी, पुसली नाही!"

त्या वसंतात तिच्या मुलाचा नागोयाहून फोन आला. तिथल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती, महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचे होते. मुलगा वाईट नव्हता. आई एकटी असताना जिन्यात पडली तर, या विचाराने तो पार धास्तावला होता. जिना मीच, त्यामुळे मला फार लागले ते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्यावर एक नवे पाऊल पडले. हलके, भराभर, दर पायरीला क्षणभर थबकणारे. पायऱ्या मोजत येणारे पाऊल होते ते! मिओरी कुसाका, वय अठ्ठावीस, जुन्या सरकारी घरांचे नूतनीकरण करणाऱ्या खात्यातली वास्तुविशारद. आम्हांला लिफ्ट मिळणार होती!

तोमिएला खाली येता येत नव्हते, म्हणून बैठक चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधल्या माझ्या वळणावरच भरली. मिओरीने नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर सातूच्या चहाचे चार पेले ठेवले. तोमिए आठ पायऱ्या वर, आपल्या उंबऱ्याशी बसली.

"लिफ्ट इमारतीच्या बाहेरून लावायची," मिओरी सांगू लागली. "जिन्याचं वळण बाहेरच्या भिंतीला लागूनच आहे. तिथे भिंत फोडली की झालं. कुणाचं घर तोडायला नको, भाडंही वाढणार नाही. आजी, आज तुम्हांला एकोणसत्तर पायऱ्या आहेत. उद्या फक्त आठ राहतील. म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के चढ गेला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोगुरेंनी सगळ्यांत जोरात. वरून मात्र प्रश्न आला.

"पोरी," तोमिए म्हणाली, "ती पेटी वळणाशी थांबते ना? दाराशी नाही?"

"हो, पण आठच—"

"रस्ता ओलांडताना शेवटच्या आठ पावलांत गाडी आली, तर आधीचा रस्ता किती टक्के ओलांडला ते कुणी विचारतं का गं?"

कोगुरे फिसकन हसले आणि मग त्यांचेच हसू विरले. मित्रांनो, ती चूक एकट्या मिओरीची नव्हती. माझ्यासारख्या जिन्याला लिफ्ट जोडायची म्हटले की हात आपोआप वळणाकडेच जातो, कारण बाहेरची भिंत तिथेच भेटते. दारे असतात मजल्यावर, वळण असते दोन मजल्यांच्या मधोमध. अशी लिफ्ट सगळ्यांना आणून सोडते ती दारापासून आठ पायऱ्या दूर.

दुसरी कुणी असती तर नकाशा गुंडाळून निघून गेली असती. मिओरी खाली गेली आणि दोन जाड मासिके, चिकटपट्टी आणि कोगुरेंची पाच किलोची तांदळाची पिशवी घेऊन परत आली. मासिके तिने उजव्या गुडघ्याभोवती घट्ट बांधली. पाय काठीसारखा ताठ झाला. मग पिशवी उचलून ती त्या आठ पायऱ्या चढू लागली. पहिली, दुसरी, तिसरी... पाचव्या पायरीवर तिचा तोल गेला. कठडा डावीकडे होता, पिशवीही डाव्याच हातात. तिने पिशवी टाकली आणि कठडा पकडला. तांदूळ माझ्यावरून पावसासारखा खाली घरंगळत गेला.

"अगं, माझं रात्रीचं जेवण!" कोगुरे ओरडले.

मिओरी मात्र तिथेच बसून हसत होती, आणि हसता-हसता रडतही होती. "आजी, आठ म्हणजे थोडं नाही," ती म्हणाली. "आठ म्हणजे आठ."

"आता बोललीस," तोमिए म्हणाली. "मला महिनाअखेरपर्यंत मुलाला कळवायचंय. एवढंच सांग, दारापर्यंत येईल का ती पेटी?"

"माहीत नाही. शुक्रवारपर्यंत सांगते."

"माहीत नाही" हे शब्द इतके छान वाजू शकतात, हे मला त्या दिवशी कळले. पुढचे चार दिवस ती रोज आली. माझ्या दोन्ही बाजूंच्या भिंती ठोकून पाहिल्या, तड्यात बारीक पट्टी घालून खोली मोजली, कागदावर आकडे खरडले आणि खोडले. शुक्रवारी ती पुठ्ठ्याची इमारत घेऊन आली.

"भिंतींवर पूर्ण इमारत उभी आहे, त्यांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पण जिना फक्त त्यांच्या मध्ये बसवलेला आहे. तो काढता येतो!" तिने पुठ्ठ्यातला जिना चिमटीने उचलला. "त्याच्या जागी दर मजल्याला उंबऱ्यांच्या पातळीवर सपाट फरशी. फरशीच्या पुढे, बाहेर, लिफ्ट आणि नवा लोखंडी जिना. लिफ्ट दारासमोर थांबेल. शून्य पायऱ्या!"

शून्य! मित्रांनो, खरे सांगतो, चिमटीत मी आहे हे कळायला मला क्षणभर उशीर झाला. मग कळले. मी नाही, तरच ती पेटी दाराशी येणार होती. वाईट वाटायला हवे होते, पण मला आठवला तो सव्वीस वर्षांच्या पायांचा धावता आवाज. माझे काम लोकांना घरी पोहोचवण्याचे होते, आणि ते माझ्याहून चांगले करणारे काहीतरी सापडले होते. माझ्या सळ्यांतून जणू वीज धावली.

मिओरीच्या खात्यातल्या साहेबांची मंजुरी हवी होती. सोमवारी साहेब स्वतः आले. चांगले जड पाऊल, तिसऱ्या मजल्यापासून फरफटणारे. शेवटच्या वळणावर येऊन त्यांनी मटकन बसकण मारली. मी मोजले होते, एकसष्टाव्या पायरीनंतर.

"थकलात होय?" तोमिएने वरून विचारले. "चला की, आठच राहिल्यात, साहेब."

साहेबांनी रुमालाने घाम पुसला, वर पाहिले, मिओरीकडे पाहिले. "काम चालू असताना हे लोक राहणार कुठे?"

"शेजारच्या जिन्यांत खालची सहा घरं रिकामी आहेत," मिओरी म्हणाली. "चार महिने तिथे. भाडं इथलंच."

"एकच जिना. प्रयोग म्हणून," साहेब म्हणाले. "जमलं तर बाकीचे बघू. आणि मला कुणीतरी पाणी द्या."

तोमिएने त्याच दिवशी नागोयाला फोन केला. "खोली दुसऱ्या कुणाला दे रे. माझं घर खाली येतंय."

स्थलांतराच्या दिवशी चार तगडे हमाल तिला खुर्चीवरून उतरवायला आले. पण पाटी तिच्या दाराला टांगलेली होती.

"माझी पाळी आहे," ती म्हणाली. "शेवटची. उतरेन ती झाडतच."

कुणी समजावून उपयोग नव्हता. ती सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली, झाडू घेतला, पायरी झाडली, सरकून खालच्या पायरीवर बसली. मिओरी तिच्या एक पायरी खाली, उलटी चालत, दोन्ही हात पसरून. हमाल मागून खुर्ची घेऊन. आणि कोगुरेंना तर बसच मिळाली.

"पुढचा थांबा, चौथा मजला!" ते खणखणीत आवाजात पुकारत. "उतरणाऱ्यांनी सामान सांभाळावं! मात्सुएदाबाई, गाडीला उशीर होतोय!"

"ड्रायव्हर कोपरे सोडतो, म्हणून उशीर होतो!"

दुसऱ्या वळणावर तिने माझ्या तड्यावरून बोट फिरवले. "तुझाही गुडघा गेला की रे," ती हळूच म्हणाली. ते फक्त मी ऐकले.

एक तास दहा मिनिटे. एकोणसत्तर पायऱ्या, सगळे कोपरे. तळाशी शेजारच्या जिन्यांतले लोक जमले होते. तिने शेवटची पायरी झाडली, कठड्याला धरून उभी राहिली आणि जवळजवळ वर्षभराने तिचा पाय मातीला लागला. एवढ्या टाळ्या तर माझ्या उद्‌घाटनालाही पडल्या नव्हत्या!

मग करवत आली, हिऱ्याच्या दातांची. दुखले नाही, गुदगुल्या झाल्या. माझ्या तुकड्यांचा चुरा करून तो अंगणातल्या नव्या वाटेखाली पसरला. मिओरीने एक पायरी मात्र वेगळी कापून घेतली. तोमिएच्या दारापुढची, सगळ्यांत वरची. वजन दीडशे किलो. ती दोन दगडांवर ठेवून लिफ्टशेजारी बाक केला. तोच हा मी.

ऑक्टोबरात लिफ्ट सुरू झाली. पहिल्यांदा दार उघडले तेव्हा आतून चालताना आधाराला धरायच्या ढकलगाडीच्या चार चाकांचा आणि दोन पावलांचा आवाज आला. तोमिए थेट माझ्याकडे आली आणि बसली. पंचावन्न वर्षे मी तिला वर नेत होतो. ती माझ्यावर निवांत बसली ती पहिल्यांदाच.

"काय, मात्सुएदाबाई, कसा झाला प्रवास?" कोगुरेंनी विचारले.

"एकही थांबा नाही. तुमच्या बसपेक्षा बरा."

पुढच्या महिन्यात पाचव्या मजल्यावरचे समोरचे घरही भरले. त्यात लहान बाळ आहे. बाजूच्या तीन जिन्यांची मापे मिओरी घेऊन गेली आहे. तिचे मोजणारे पाऊल हल्ली मला लांबूनच ओळखू येते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी घरे बांधेल, कुणी जुनी घरे दुरुस्त करील. तेव्हा किती पायऱ्या कमी केल्या ते सांगू नका. शेवटची पायरी कुणाच्या दारापुढे उरली आहे, ते आधी जाऊन बघा. गुडघ्याला मासिके बांधून बघा. आणि आपल्या इमारतीत जे काही मुकाट्याने तुम्हांला घरी पोहोचवते, त्याचे कोपरे अधूनमधून झाडत जा.

पाटी अजून फिरते. या आठवड्यात ती तोमिएच्या दाराला आहे. आत्ताच लिफ्टचे दार उघडले. चाके, पावले आणि झाडूची टोके जमिनीला घासल्याचा आवाज. ती येते आहे, आणि तिच्या खिशात दात घासायचा जुना ब्रश नक्की असणार.