तिसरा पाय

माझा नवरा गिलिस चर्चच्या वेदीमागचं चित्र अर्धं टाकून मेला. अर्धं म्हणजे नुसतं आखून. ओकच्या फळ्या, दोन्ही बाजूंना कपाटासारखी मिटणारी दारं, सगळ्यावर खडू-सरसाचा पांढरा लेप आणि त्यावर काळ्या रेघांत अख्खा स्वर्ग: कोकरू, देवदूत, संत, यात्रेकरू. रंग भरायचं काम धाकट्या दीराकडे, दानेलकडे आलं. जवसाचं तेल उकळायचं आणि रंग घोटायचं माझ्याकडे होतंच.

आमच्या गेंट शहरातल्या बायका म्हणायच्या, अवेझुता नशीबवान, नवऱ्याचं काम पुरं होतंय. पुरं होतंय म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. दानेल एकेका संताला झगा चढवायचा आणि खालची गिलिसची रेघ बुजायची. तीही मीच घोटलेल्या रंगानं. मूलबाळ नव्हतं. त्याच्या हातचं म्हणून या रेघाच उरल्या होत्या.

शेवटी उजव्या दाराच्या आतल्या बाजूला, यात्रेकरूंमधला एक म्हातारा तेवढा राहिला. गिलिसनं आधी त्याचा पाय पुढे टाकलेला काढला होता. मी म्हटलं, "एवढी घाई कसली त्याला? थांबू दे की जरा." हसून गिलिसनं पाय मागे घेतला, पण पहिली रेघ पुसली नाही. म्हाताऱ्याला तीन पाय झाले.

त्याची पाळी आली त्या दिवशी मी तेल करपवलं. दुसऱ्या दिवशी हिरवा असा जाडाभरडा घोटला की त्यापेक्षा नदीची वाळू बरी.

"वहिनी," दानेल म्हणाला, "तुम्ही झोपेत तेल उकळलंत तरी करपत नाही. आताच काय झालं?"

"वय झालं, भावजी."

"सकाळी मासळीवालीशी भांडताना नव्हतं झालं."

मग मी बोलूनच टाकलं. "हा एक राहू दे तसाच. एवढ्या गर्दीत कोणाला कळतंय?"

"ईस्टरला चित्राची दारं उघडली की पाद्रीबाबा आधी यालाच बघतील. अंगावर कपडा नाही आणि पाय तीन! म्हणतील, गेंटच्या लंगड्या घोड्यांनीही यात्रा धरली."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

दानेल बराच वेळ ब्रश पुसत राहिला. "तुम्हाला वाटतं मला सोपं गेलं? दादाची रेघ झाकली की घरी जाऊन बायकोशी बोलवत नाही मला. हा म्हातारा माझ्याच्यानं होईना, म्हणून तर मागे ठेवला." त्यानं ब्रश माझ्यापुढे धरला. "तुम्हीच झाका."

मी हिरवा पुन्हा घोटला, लोण्यासारखा. रेघेवरून ब्रश नेला. गिलिसचा हात जिथे रेंगाळला होता, तिथे माझाही रेंगाळला. मागचा पाय ठेवला. पुढच्यावर गवत घातलं, एकेक पातं.

आता चित्राची दारं सणावारीच उघडतात. तेव्हा पुढे बडी मंडळी आणि आम्ही बायका खांबामागे, नुसता झगमगाट दिसतो. एरवी दारं बंद, त्यांवर बाहेरून रंगवलेले करडे, दगडी वाटणारे संत. मी एरवीच जाते.

झाडूवाला विचारतो, "आजी, बंद दारात काय बघता?"

"तू आपला केर काढ," मी म्हणते.

उजव्या दाराआड, खाली, गवताखाली गिलिसच्या हातचा एक पाय पुढे टाकलेला आहे. थांबू दे जरा, म्हटलं होतं मी. यात्रेकरू तेवढा थांबला.