हिमालयातला काळा दगड

"देवाकडे येणारो दगड नारळाच्या सोडणान घासून घे गो आनंदी. काळां-हिरवां कायएक ठेव नको." सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पूजेला बसताना आनंदीकाकींच्या कानात हे बोलणं असायचंच.

त्यांची पुतणी तन्वी हिमालयात वनस्पतींचा अभ्यास करून त्यांच्या गावी, कोकणातल्या तोंडवलीला आली. येताना काकींच्या देवासाठी तिनं तिथलं एक सुकं निळं फूल आणलं. सोबतचा काळपट दगड मात्र तिनं तुळशीच्या ओट्यावर ठेवला.

सकाळी ती धावतच आत आली. "काकी, माजो दगड खंय?"

"देवाकडे. हिमालयातलो शाळिग्राम तो, भायर कशाक ठेवलंस गो? सोडणान लख्ख घासलंय, अभिषेक केलंय."

तन्वीनं देवघरातून दगड आणून उलटसुलट बघितला. "तो शाळिग्राम न्हय गो! त्येच्यारच्या काळ्या शेवाळाच्या थरात जीव होतो. फुलाचो माजो अभ्यास झालो. ह्येचो रवलो, तर तुलना कसली करू? वर्साचां काम गेलां."

काकींचा चेहरा उतरला. "असां काय होतां त्येच्यात?"

"दोघां एकाच कड्यार वाढतत. फूल वर मान काढता, थंडी इली काय मुळांत जावन निजता. ह्येका मूळच नाय. दगडाक चिकटून काळां पडता, मेल्यासारख्यां रवता. पाणी गावलां काय परत हिरवां."

"म्हणजे उपास करता," काकी हळूच म्हणाल्या.

तन्वीला रडता रडता हसू आलं. "तुज्यापेक्षा कडक!"

काकी देवघरात गेल्या. फूल जन्मभर तिथंच ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी हात जोडले. "माऊली, एक कण वाचव. ह्यां फूल तुज्या देवळात आणून पायांर घालतंय."

"सोडण खंय टाकलंस?" तन्वीनं बाहेरून विचारलं.

"तुळशीकडेच आसतलां."

रोजच्यासारखं अभिषेकाचं पाणी काकींनी तुळशीच्या बुंध्याशी ओतलं होतं. नारळाचं ते सोडण तिथंच पडून भिजलं होतं, आणि त्याच्या काथ्यात अडकलेल्या काळ्या कपच्या हिरव्या झाल्या होत्या.

"काकी, ह्यां बघ! ह्येतूनच परत वाढतलां!" तन्वी चिमट्यानं एकेक कपची डबीत भरू लागली.

काकींनी हात जोडायला घेतले. घासायला शिकवणाऱ्या सासूबाई, पाणी घालून घेणारी तुळस, गावची माऊली, कुणाकुणाला हात जोडायचे? डोळे पुसून त्यांनी निळं फूल हळदीच्या पानात गुंडाळलं, चपला उंबऱ्याशीच ठेवल्या आणि कुंपणाचं बेडं आवाज न करता उघडून अनवाणी देवळाची वाट धरली.